उधारीची वही आणि दुकानातला सर्व्हर

मृग नक्षत्र लागले की पाचोऱ्याच्या बाजारपेठेत खते-बियाण्यांच्या दुकानांपुढे गर्दी होऊ लागते. कपाशीचे बियाणे, युरिया, कीटकनाशके यांची विक्री बरीचशी उधारीवर होते. पैसे येतात ते दसरा-दिवाळीनंतर, कापूस विकला गेल्यावर. मधल्या पाच-सहा महिन्यांत दुकानदाराच्या भांडवलाचा मोठा भाग गोदामात नसतो आणि तिजोरीतही नसतो. तो खातेवहीच्या नावे बाजूस असतो.

ही खातेवही पूर्वी लाल कापडी बांधणीची होती. लक्ष्मीपूजनाला तिची पूजा होई आणि जुन्या वह्या माळ्यावर बासनात बांधून ठेवल्या जात. आता ती संगणकात गेली आहे. बेरजा आपोआप होतात, जीएसटीचे विवरणपत्र वेळेवर भरले जाते, कोणत्या गावाची किती उधारी आहे हे क्षणात कळते. परंतु कापडी वही एकाएकी नाहीशी होत नसे. संगणकातील डिस्क मात्र एखाद्या सकाळी सुरूच होत नाही आणि तिच्याबरोबर दहा वर्षांचा हिशेब जातो.

असे भाद्रपदात घडले तर काय होईल, याचा विचार करावा. ज्या शेतकऱ्याने अद्याप काही दिलेले नाही, त्याच्याकडील येणे सिद्ध करणे कठीण होते. हे दुकानदाराचे नुकसान. पण ज्याने श्रावणात मूग विकून दहा हजार रुपये जमा केले होते, त्याची जमेची नोंदही गेलेली असते. जुन्या आकड्यावरून वसुली सुरू झाली तर त्याने दिलेले पैसे त्याच्याकडे पुन्हा मागितले जातात. त्याने पावती जपून ठेवलेली असेलच असे नाही. ज्या घरांत मुलांना अचौर्य शिकवले जाते, त्या घराच्या पेढीला पहिल्या नुकसानीपेक्षा ही दुसरी चूक अधिक लागावी. म्हणून दुकानासाठी कोणता सर्व्हर घ्यावा, हा प्रश्न तंत्रज्ञावर सोडून देण्याइतका किरकोळ नाही.

सर्व्हर म्हणजे काय, आणि तो हवा का?

पेढीवर पूर्वी एक मुनीम असे. गल्ल्यावरचा, गोदामातला आणि वसुलीवरचा असे तिघेही आपापली नोंद त्याच्याकडे आणून देत आणि वही एकच राही. सर्व्हर हेच काम करतो. सर्व नोंदी तो एका ठिकाणी ठेवतो आणि दुकानातील इतर संगणकांना त्या पुरवतो. एकच संगणक असलेल्या दुकानाला त्याची गरज नसते. दोन संगणक असतील तर त्यांपैकी एकावर हिशेब ठेवून दुसऱ्याने तो वापरला तरी भागते. गल्ल्यावर दोन, हिशेबनिसाकडे एक आणि गोदामात एक असे चार-पाच संगणक झाले, की स्वतंत्र मुख्य संगणकाचा विचार करण्याची वेळ येते. टॅलीसारख्या प्रणालीचा एका संगणकापुरता परवाना निराळा आणि अनेक संगणकांचा निराळा असतो. त्यामुळे यंत्राची किंमत विचारण्यापूर्वी परवान्याची किंमत विचारावी.

याच वेळी विक्रेत्याचे कोटेशन हाती पडते. त्यात प्रोसेसरचे नाव, रॅमचे आकडे आणि डिस्कची क्षमता असते. दुकानदाराचा डोळा मात्र शेवटच्या रकमेवर स्थिरावतो. आकडा मोठा असला तर बेत रद्द होतो, लहान असला तर खरेदी होते. दोन्ही निर्णय घाईचे ठरू शकतात.

आधी दोन प्रश्न

बँका आपली यंत्रणा ठरवताना दोन प्रश्नांची उत्तरे लेखी मांडतात. लहान पेढीलाही तेच दोन प्रश्न पुरेसे आहेत. पहिला प्रश्न असा, की यंत्र बिघडल्यास शेवटच्या किती वेळाच्या नोंदी पुन्हा लिहून काढणे शक्य आहे? दुसरा, की दुरुस्ती होईपर्यंत दुकान संगणकाविना किती वेळ चालू शकेल?

उदाहरणादाखल पाच संगणकांचे एक कृषी सेवा केंद्र घ्यावे. तेथे बिलांच्या छापील स्थळप्रती अनुक्रमाने लावून ठेवल्या जात असतील, तर एका दिवसाच्या नोंदी रात्री बसून पुन्हा भरता येतात. आठवड्याच्या नोंदी हंगामात भरता येणार नाहीत. म्हणजे पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘एक दिवस’ असे आले. हाताने बिले फाडून दुकान एक दिवस चालवता येत असेल, तर दुसऱ्याचे उत्तरही तेच. या उत्तरांना शोभेल अशी यंत्रणा साधी आणि स्वस्त असू शकते. एक तासही थांबणे परवडत नसेल, तर खर्च कितीतरी वाढतो. लहान दुकानांपैकी बहुतेकांना तेवढ्याची गरज नसते आणि गरजेपलीकडचा संग्रह टाळणे हे शहाणपण या वाचकांना नव्याने सांगायला नको.

चार पर्याय

पहिला पर्याय म्हणजे एक चांगला साधा संगणक केवळ हिशेबासाठी राखून ठेवणे. विंडोज ११ प्रो असलेल्या संगणकाच्या परवान्यात फाइलींच्या वापरासाठी २० पर्यंत उपकरणे जोडण्याची मुभा आहे. पाच संगणकांच्या दुकानाला ती भरपूर झाली. अट एकच, की त्या संगणकावर कोणीही बिले करू नयेत, मुलांनी खेळ खेळू नयेत, कोणाची पेन ड्राइव्ह त्यात लागू नये. जुना विंडोज १० असलेला संगणक या कामी लावू नये, कारण त्या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे.

दुसरा पर्याय नॅस नावाच्या छोट्या पेटीचा. तिच्यात दोन किंवा अधिक डिस्क बसतात आणि ती वीज थोडी खाते. बिलांची छायाचित्रे, करारपत्रे, रोजच्या प्रती ठेवण्यास ती उत्तम. मात्र ती फाइलींचे कपाट आहे. हिशेबाची प्रणाली चालवण्याचे काम तिच्याकडून होईल, असे गृहीत धरू नये.

तिसरा पर्याय खऱ्या सर्व्हरचा. त्याची स्मृती चुका ओळखून सुधारणारी असते, काही प्रकारांत यंत्र चालू असताना डिस्क बदलता येते, वीजपुरवठ्याचे दोन संच असतात. वीस-पंचवीस माणसे सतत काम करणाऱ्या पेढीला हे गुण उपयोगी पडतात. विंडोज सर्व्हरच्या स्टँडर्ड आवृत्तीला दर वापरकर्त्यामागे किंवा दर उपकरणामागे आणखी परवाना लागतो, हे कोटेशनमध्ये अनेकदा ठळक नसते.

चौथा पर्याय भाड्याचा, म्हणजे क्लाउडचा. नाव ढगाचे असले तरी यंत्रे जमिनीवरच असतात. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई व चेन्नई येथे आणि ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आपली केंद्रे सुरू केली. दुकान पाचोऱ्यात, गोदाम भडगावला आणि शाखा जामनेरला अशी विभागणी असेल, तर तिन्ही ठिकाणांहून एकच वही वापरण्यासाठी हा मार्ग सोयीचा आहे. पण इंटरनेट बंद पडले की वहीही बंद होते. म्हणून त्याबरोबर दुसऱ्या कंपनीची एक जोडणी राखीव ठेवावी लागते.

खान्देशातील ऊन, वीज आणि कापसाची तूस

यंत्राची माहितीपत्रके वातानुकूलित खोली गृहीत धरून लिहिलेली असतात. जळगाव जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. पत्र्याच्या माळ्यावर किंवा बंद कपाटात ठेवलेला संगणक त्याहून अधिक तापतो. जिनिंगच्या आसपास असलेल्या दुकानांत कापसाची बारीक तूस पंख्यात जाऊन बसते आणि हवा कोंडते. मुख्य संगणक तळमजल्यावर, भिंतीपासून वीतभर दूर, जमिनीपासून तीन-चार फूट उंच आणि सावलीच्या बाजूस ठेवावा. दर दोन-तीन महिन्यांनी त्याची धूळ काढून घ्यावी. या व्यवस्थेला जवळजवळ काहीच खर्च येत नाही.

यूपीएसबाबत दोन गोष्टी जाणून घ्याव्यात. पेटीवर ६०० व्हीए लिहिले असले तरी ती ६०० वॅट देत नाही. बहुधा ३६० वॅटच्या आसपास देते. त्यामुळे वॅटचा आकडा विचारून घ्यावा. दुसरे असे, की आतील शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य साधारण २५ अंश तापमान धरून सांगितलेले असते आणि त्यावर दर १० अंशांना ते निम्मे होत जाते, असा ढोबळ नियम आहे. खान्देशात ती बॅटरी माहितीपत्रकातील मुदतीपेक्षा लवकर बदलावी लागेल, हे अंदाजपत्रकातच धरावे. यूपीएसचे काम दुकान तासभर चालवण्याचे नाही. नोंद लिहिली जात असताना वीज गेली तर फाइल बिघडते. ती टाळून संगणक शांतपणे बंद करता यावा, एवढाच अवधी त्याने द्यायचा असतो. दुकानातील जोडण्याही वायफायऐवजी केबलने कराव्यात. १०० मीटरपर्यंतच्या अंतराला साधी लॅन केबल पुरते.

प्रत कोठे आहे?

प्रत काढून दुसऱ्या गावी ठेवण्याचे महत्त्व या समाजाला ठाऊक आहे. धवला टीकेची ताडपत्रे कित्येक शतके कर्नाटकातील मूडबिद्री येथेच होती. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांच्या पुढाकाराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांची नक्कल करण्याचे काम सुरू झाले. ते पूर्ण व्हायला दोन दशकांहून अधिक काळ लागला. पुढे १९३९ मध्ये प्रा. हिरालाल जैन यांनी संपादित केलेला पहिला छापील भाग अमरावतीहून निघाला. एकाच ठिकाणी असलेली वस्तू कितीही जपली तरी ती धोक्यात असते, हे त्या व्यापाऱ्यांनी ओळखले होते.

दुकानाच्या हिशेबालाही हेच लागू आहे. विक्रेते सांगतात, की यंत्रात दोन डिस्क आहेत, एक बिघडली तरी दुसरी आहे. ते खरे आहे. पण दुसरी डिस्क पहिलीचा आरसा असते. चुकून एखादे खाते पुसले गेले तर ते दोन्हींवरून त्याच क्षणी पुसले जाते. आरशातील प्रतिबिंबाला प्रत म्हणता येत नाही. त्याच खोलीत ठेवलेली पोर्टेबल डिस्कही अपुरीच. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी तितूर व डोंगरी नद्यांना पूर आला आणि शेजारच्या चाळीसगावच्या बाजारपेठेत पाणी शिरले. अशा वेळी टेबलावरचा संगणक आणि त्याच्या खणातील डिस्क एकदमच भिजतात.

पुरापेक्षा व्यापक धोका जाळ्यातून येतो. २७ जून २०१७ रोजी नवी मुंबईच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम संगणक बंद पडल्याने थांबले. ते टर्मिनल चालवणारी कंपनी डेन्मार्कच्या मेर्स्क समूहाची होती आणि जगभरची तिची यंत्रणा त्या दिवशी कोसळली होती. या हल्ल्याला पुढे नॉटपेट्या हे नाव मिळाले. तो पसरला होता युक्रेनमधील एम.ई.डॉक नावाच्या कर-हिशेबाच्या प्रणालीतून. वापरकर्त्यांनी नेहमीसारखी नवी आवृत्ती घेतली आणि तिच्याबरोबर विष आत आले. समूहाच्या अध्यक्षांनी नंतर सांगितल्याप्रमाणे सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभारावे लागले. कंपनीने आपले नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात सांगितले. संगणकांची ओळख व परवानग्या सांभाळणारे तिचे मुख्य सर्व्हर जगभर एकमेकांशी जोडलेले होते. त्यामुळे ते सर्व एकदम पुसले गेले. वृत्तांनुसार त्यांतील एकच वाचला, तो आफ्रिकेतील घाना येथे. हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेलेली होती आणि ते यंत्र जाळ्यापासून तुटलेले होते. एरवी ज्या भारनियमनाला दुकानदार वैतागतो, त्यानेच एका जागतिक कंपनीची प्रत वाचवली.

यातून दुकानाने घ्यायचा धडा सरळ आहे. किमान एक प्रत अशी असावी, जी कोणत्याही तारेने कशाशीही जोडलेली नाही. जाणकार तीन प्रतींचा नियम सांगतात. हिशेब एकूण तीन ठिकाणी असावा, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असावा आणि त्यांतील एक प्रत दुकानाच्या बाहेर असावी. कृषी केंद्राच्या उदाहरणात मूळ हिशेब मुख्य संगणकावर राहील. दोन पोर्टेबल डिस्क घेऊन एकीवर ‘सम’ आणि दुसरीवर ‘विषम’ असे लिहावे. तारखेप्रमाणे रात्री त्या दिवसाची डिस्क लावावी, प्रत घ्यावी, डिस्क काढून मालकाने घरी न्यावी. तिसरी प्रत इंटरनेटवरील भाड्याच्या जागेत रोज आपोआप जावी. घरी नेण्याच्या डिस्कला विंडोजमधील बिटलॉकरचे कुलूप लावावे आणि त्याची किल्ली, म्हणजे लांबलचक अंक, कागदावर लिहून तिजोरीत ठेवावी.

आणखी एक खबरदारी. रात्री घरून हिशेब पाहता यावा, म्हणून काही तंत्रज्ञ राउटरमधून मुख्य संगणकाचा दूरस्थ प्रवेश थेट उघडून देतात. दुकानाचे मागचे दार सताड उघडे ठेवून घरी जाण्यासारखे ते आहे. घरून पाहायचेच असेल तर व्हीपीएनची सुरक्षित वाट करून घ्यावी आणि तंत्रज्ञाकडून ते लेखी घ्यावे.

कायद्याची अपेक्षा

केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेबाची पुस्तके वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. नियम ५७ सांगतो, की हिशेब संगणकात असेल तर त्याची योग्य प्रत ठेवावी, जेणेकरून अपघाताने वा नैसर्गिक कारणाने मूळ नोंदी नष्ट झाल्या तरी वाजवी काळात त्या पुन्हा उभ्या करता येतील. म्हणजे ‘डिस्क जळाली’ एवढे सांगून जबाबदारी संपत नाही. पेढी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक बदलाचा माग ठेवणारीच हिशेब-प्रणाली वापरावी लागते, आणि पुस्तकांची रोजची प्रत भारतात प्रत्यक्ष असलेल्या सर्व्हरवर ठेवावी लागते. एकल मालकीच्या व भागीदारीच्या पेढ्यांना कंपनी कायद्यातील ही दोन बंधने नाहीत. तरी सवय म्हणून ती स्वीकारण्यात हितच आहे.

पाच वर्षांचा हिशेब

स्वस्त काय, हे खरेदीच्या दिवशी ठरत नाही. पाच वर्षांचा एकूण खर्च काढल्यावर ठरते. मोठ्या कंपनीतून निघालेला जुना सर्व्हर तीस हजारांत मिळतो, असे समजू. तो २०० वॅट वीज घेत असेल आणि अहोरात्र चालत असेल, तर महिन्याला १४४ युनिट होतात. ३० वॅटच्या लहान संगणकाला २१.६ युनिट लागतात. फरक १२२.४ युनिटांचा. युनिटला १२ रुपये धरले तर महिन्याला सुमारे १,४७० रुपये आणि पाच वर्षांत ८८ हजारांहून अधिक. तीस हजारांची बचत वीजबिलातून जवळजवळ तिपटीने परत गेली. शिवाय त्या यंत्राचा सुटा भाग जळगावात मिळेल की मुंबईहून मागवावा लागेल, हा प्रश्न राहतोच.

आता साध्या संगणकाचा हिशेब उदाहरणापुरता मांडू. संगणक ४५,०००, यूपीएस ८,०००, दोन डिस्क १०,०००, एकदा बॅटरी ३,०००. एकूण ६६,००० रुपये. पाच वर्षांची वीज १५,५५२. इंटरनेटवरील प्रतीचे भाडे महिना ३०० प्रमाणे १८,०००. बेरीज ९९,५५२, म्हणजे महिन्याला सुमारे १,६६० रुपये. क्लाउडचे भाडे महिना ४,००० धरले तर पाच वर्षांत २,४०,००० होतात. शाखा तीन असतील तर हा अधिकचा खर्च सार्थ ठरेल. एकाच छपराखाली पाच संगणक असतील तर ठरणार नाही. हे आकडे गृहीत आहेत. प्रत्येकाने तीन विक्रेत्यांची कोटेशने घेऊन त्यांच्या जागी आपले आकडे घालावेत.

तेरीज जुळते का?

इतके सर्व करूनही एक काम उरते, आणि तेच सर्वाधिक दुर्लक्षित असते. प्रत घेतली जाते, पण ती उघडून पाहिली जात नाही. अपघाताच्या दिवशी कळते, की सहा महिने रिकामाच फोल्डर जतन होत होता.

तीन महिन्यांतून एकदा, बाजार बंद असेल त्या दिवशी, घरची डिस्क आणावी आणि दुसऱ्याच एखाद्या संगणकावर त्या प्रतीतून हिशेब उभा करावा. तेरीज काढून ती मूळ तेरजेशी ताडून पाहावी. मग दहा ग्राहकांची खाती उघडून अखेरची बाकी आणि शेवटची जमा नोंद तपासावी. काम सुरू केल्याची आणि संपल्याची वेळ वहीत लिहावी. ‘दुकान किती वेळ थांबेल’ या प्रश्नाचे खरे उत्तर त्या दोन वेळांतील अंतर देते. घरातील तरुण मुलगा किंवा सून हे काम सहज शिकू शकते. मात्र ते किमान दोघांना यावे. एकट्याला ठाऊक असलेली गोष्ट हीसुद्धा एकच प्रत असते.

श्रावणात दहा हजार रुपये देऊन गेलेला शेतकरी दिवाळीनंतर उरलेली बाकी द्यायला येतो. त्याच्याजवळची पावती पावसात भिजून गेलेली असते. गल्ल्यावरचा माणूस त्याचे नाव टाकतो आणि म्हणतो, ‘काका, दहा हजार जमा आहेत तुमचे.’ मधल्या काळात मुख्य संगणक एकदा बंद पडून पुन्हा उभा राहिला होता, हे त्या शेतकऱ्याला कळतही नाही, आणि कळण्याची गरजही नसते.